एस्तेरबाईंचं भेव

आत कुणी नाही हे पक्कं ठाऊक असूनही एस्तेरबाई चर्चचं दार आधी वाजवायच्या. किल्ली त्यांच्याच कमरेला, कुलूप त्यांनीच घातलेलं, तरी त्या जाड सागवानी दारावर आधी हातातली काठी आपटायच्या, कान देऊन उभ्या राहायच्या आणि मगच किल्ली फिरवायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. त्या वळून म्हणाल्या, "हासू नका वयनी. आतल्याईले आवराले टाइम द्या लागते."

"आतले म्हणजे कोण?"

"जे कोनी असन ते. साप असन, घुबड असन, एखांदा सायब असन. आपन काऊन नाव घ्याचं?"

ही गोष्ट चंद्रपूरला सगळे चांदा म्हणत त्या काळातली. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती. आमचे हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर. लग्न होऊन मी साताऱ्याहून थेट चांद्याला आले. साताऱ्याची माणसं कशाला भीत नाहीत असा आमच्या माहेरी समज आहे. तो मीही बाळगून होते, पण चांद्याच्या पहिल्याच आठवड्यात दुधवाल्यानं गावाभोवतीच्या परकोटावर वाघ बसलेला पाहिल्याचं अगदी सहज, दूध मापता मापता सांगितलं आणि माझा समज तिथंच सांडला. हे रस्त्यांच्या कामावर गडचिरोली, धानोरा असे दिवसच्या दिवस जंगलात असायचे. मी क्वार्टरमध्ये एकटी. कौलावर माकडानं उडी मारली तरी मी दाराची कडी पुन्हा तपासायची.

क्वार्टरच्या मेंदीच्या कुंपणापलीकडे ते चर्च होतं. गावातले लोक त्याला गिरजाघर म्हणत. राणीच्या काळात इथल्या साहेबांना आपल्या गावाची आठवण आली असावी. त्यांनी विलायतेतल्या कुठल्याशा खेड्यातलं चर्च जसंच्या तसं इथं काळ्या दगडात उभं केलं. खिडक्या उंच, अरुंद आणि वर टोकदार. भिंतींना बाहेरून दगडी धिरे दिलेले. छप्पर तर इतकं उतरतं की बर्फ आपोआप घसरून पडावं. चांद्यात बर्फ कुठलं. त्यावरून माकडं घसरायची आणि पुन्हा चढून पुन्हा घसरायची. पुढच्या बाजूला चौकोनी मनोरा, आणि मनोऱ्याच्या पोटातूनच आत जायची वाट. म्हणजे आत जायचं तर मनोऱ्याखालून जाण्यावाचून गत्यंतर नाही. आणि त्या मनोऱ्याच्या वरच्या कमानीत, घंटेच्या आजूबाजूला, आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असायची. परातीएवढाली काळी पोळी. खालून पाहिलं की ती मधूनच थरथरल्यासारखी दिसायची.

त्या वाटेवरून एस्तेरबाई कुजबुजत चालायच्या. मनोऱ्याखाली पाऊल पडलं की त्यांचा आवाज जायचा. हातवारे करून सांगायच्या, वर बघू नका, पदर सांभाळा, केसात फूल असेल तर काढा.

त्या मूळच्या वरोऱ्याच्या. नवरा या चर्चचा पाळक होता. तो गेल्यावर मिशननं त्यांना चर्चमागच्या दोन खोल्यांत राहू दिलं आणि किल्ली त्यांच्याकडेच ठेवली. नागपूरचे पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी येत. बाकीचे रविवार एस्तेरबाई चालवायच्या. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. त्या उंचीनं ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, नऊवारी नेसलेल्या, कपाळ मोकळं आणि डोळे सदा कशाचा तरी शोध घेणारे. "भेव लागते बापा" हे त्यांचं पालुपद होतं. सकाळी पाणी भरताना, भाजी निवडताना, प्रार्थनेच्या शेवटीसुद्धा. भीती त्या लपवायच्या नाहीत. आपण नाही का म्हणत, आज उकडतंय, तशा त्या म्हणायच्या, आज भेव लागते.

चर्च झाडायला त्या एकट्या कधीच जात नसत. दुपार झाली की कुंपणावरून हाक यायची, "वयनी, मोकया हात का?" मीही रिकाम्या घरात भिऊन बसलेलीच असायची, लगेच निघायची. दोन भित्र्या बायका एकत्र आल्या की धीर येतो म्हणतात, ते काही खरं नाही. भीती दुप्पट होते. बोलायला कुणी असतं एवढंच.

आतलं चर्च मी पाहिलं ते सगळं एस्तेरबाईंच्या भीतीतून. दाराशीच बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, त्यावर लाकडी झाकण. ते उचलायच्या आधी वाजवायचं, कारण त्यात एकदा बेडूक निघाला होता, आणि बेडूक आला म्हणजे त्याच्यामागं कोण येतं ते काय सांगायला हवं. प्रवचनाच्या उंच ओट्याला वळणाचा छोटा जिना. त्याची एकेक पायरी काठीनं ठोकायची. जमिनीवर विलायतेहून आणलेल्या तांबड्या-पिवळ्या फरश्या. त्यातली एक पोकळ वाजायची, ती ओलांडून जायचं. "खाली सायब निजला हाये," त्या म्हणायच्या. भिंतींवर संगमरवरी पाट्या, या जिल्ह्यात मेलेल्या गोऱ्यांच्या. कुणी तापानं गेलेला, कुणी वाघानं नेलेला, एक तर नुसतं तान्हं मूल. इंग्रजी मी वाचून दाखवायची. त्या पाट्यांवरून फडकं फिरवताना "आलो बापा, आलो," असं पुटपुटायच्या, जणू त्यांनी हाक मारली होती.

पण खरी दहशत गरुडाची. बायबल ठेवायला पितळेचा मोठा गरुड होता, पंख पसरलेला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा. ग्रंथ त्याच्या पंखांवर उघडा ठेवायचा आणि त्याच्या समोर उभं राहून वाचायचं. एस्तेरबाई दर आठवड्याला त्याला चिंच लावून लख्ख घासायच्या, आणि घासून झालं की त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकायच्या. नागपूरच्या पाळकसाहेबांनी एकदा भर उपासनेत तो टॉवेल काढून बाजूला ठेवला. एस्तेरबाई पायपेटीवर बसलेल्या. त्यांनी गाणं मधेच सोडलं, उठल्या, टॉवेल परत गरुडाच्या डोक्यावर घातला आणि येऊन पुढचं कडवं सुरू केलं. नंतर पाळकसाहेब म्हणाले, "एस्तेरबाई, ते देवाच्या वचनाचं वाहन आहे. त्याला काय भ्यायचं?"

"देवाले नाई भेत मी सायब," त्या म्हणाल्या, "त्याच्या वाहनाले भेतो. बैलबंडीखाली येऊन मेलेला मानूस मालकाच्या हातून मरते का?"

पाळकसाहेब शिकलेले होते. त्यांनी तो टॉवेल पुन्हा कधी काढला नाही.

दक्षिणेच्या खिडकीत रंगीत काचांचं चित्र होतं. माशाच्या तोंडातून बाहेर पडणारा बायबलातला योना. दुपार कलली की त्या काचांमधून ऊन यायचं आणि निळा मासा फरशीवर उतरायचा. मग तो हळूहळू बाकांच्या दिशेनं सरकायचा. तो जवळ आला की एस्तेरबाई दोन्ही पाय बाकावर घेऊन बसायच्या. मी चेष्टा करायची, पण खरं सांगते, त्या थंडगार अंधारात तो मासा माझ्या पावलांवर आला की माझेही पाय आपोआप वर जायचे.

चर्चमागं तलाव होता. तिथं डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, मासे धरणारा सोमा ढिवर त्या खिडकीवर खूष होता. त्यानं एकदा दाराबाहेर उभं राहून छताकडं बोट दाखवलं. छप्पर तोलणाऱ्या सागाच्या त्या मोठाल्या वाकड्या कैच्या आलापल्लीच्या जंगलातून आलेल्या होत्या. "बाई, हा तं उलटा डोंगा हाये," तो म्हणाला. एस्तेरबाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून त्यांच्या भीतीत आणखी एक भर पडली. "सोमाभाऊनं बरोबर सांगतलं," त्या मला म्हणाल्या. "आपन बुडालेल्या डोंग्याखाली बसून राह्यलो."

पाण्याचं नाव निघालं की त्या गप्प व्हायच्या. तलाव त्यांच्या खोल्यांपासून हाकेच्या अंतरावर. पण मी त्यांना त्याच्या काठावर कधी पाहिलं नाही. कपडे धुवायला त्या विहिरीवर जायच्या, आणि तिथंही दुसऱ्या बाईला बादली ओढायला लावायच्या. त्यामागचं कारण त्यांनी मला एका दुपारी सांगितलं, वाघानं नेलेल्या साहेबाची पाटी पुसताना.

"आमच्या मानसाले भेवच नव्हतं," त्या म्हणाल्या. "धानोऱ्याच्या पल्याडच्या गावाईत जाये. पायी. पावसायात. लोकं म्हने, पाळकसायब, नाल्याले पूर हाये, थांबा. ते म्हनले, लोक वाट पाहून राह्यले. चपला हातात घेतल्या अन् उतरले पान्यात. चपला सापडल्या वयनी. दोनी सापडल्या."

फडकं फिरवायचं थांबलं नव्हतं. मग म्हणाल्या, "घरात एकाले भेव नसलं ना, तं बाकीच्याईले त्याच्या वाट्याचंबी भ्या लागते."

तेव्हापासून मी त्यांना हसणं सोडलं. त्या भीत नव्हत्या, राखण करत होत्या, हे माझ्या लक्षात आलं. आणि राखण कुणाची ते तर उघडच होतं. त्यांना एकच मुलगी होती, करुणा. चांद्याच्याच मिशनच्या दवाखान्यात नर्स. बापावर गेलेली. सायकलवरून अंधारात येणारी, साप निघाला तर त्याला बघायला पळणारी, मोठमोठ्यानं हसणारी. मनोऱ्याखालूनसुद्धा ती शीळ घालत जायची. एस्तेरबाई दारात उभ्या राहून तिच्या वाटेकडे डोळे लावायच्या आणि ती दिसली की आधी रागवायच्या.

मधमाशा मनोऱ्यात होत्या, पण त्यांचा आवाज चर्चभर होता. आत बसलं की दगडातून एक बारीक घूं घूं सतत ऐकू यायचं. पायपेटीचा खालचा सूर लागला की त्या घूं घूंला जोर चढायचा. म्हणून एस्तेरबाई डाव्या हाताची पहिली पट्टी कधी दाबायच्याच नाहीत. त्यांची सगळी गाणी वरच्या वर, बारीक आवाजात चालायची. घंटा तर त्यांचा नवरा गेल्यापासून वाजलीच नव्हती. तिचा दोर त्यांनी वर गुंडाळून खिळ्याला बांधून टाकला होता. जंगलातली मध काढणारी माणसं दरवर्षी विचारून जायची, धूर करून पोळी उतरवू का. त्या नाही म्हणायच्या. "निजल्यात, निजू द्या. उठवलं तं कोनाच्या घरी जातीन?"

करुणाचं लग्न ठरलं. मुलगा वरोऱ्याचा, दानियल, शाळामास्तर, शांत आणि थोडा चष्मिष्ट. लग्न उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे पोळी मधानं जड झालेली असतात तेव्हा. मी म्हटलं, "एस्तेरबाई, दवाखान्याच्या अंगणात मांडव घाला की. मनोऱ्याखालून जायलाच नको."

 त्या म्हणाल्या, "तिच्या बापानं तिले त्या कुंडावर नाव देल्लं. तो असता तं लगन त्यानंच लावलं असतं. त्याच्या जाग्यावर तरी लागू द्या." एवढं एकच धाडस त्यांनी ठरवलं होतं. बाकी सगळं भ्यायचं होतं.

आणि त्या भ्याल्या, अगदी पद्धतशीर. लग्नाला येणाऱ्या प्रत्येकाला घरी जाऊन सांगून आल्या. अत्तर लावायचं नाही. बिडी ओढायची नाही. गजरे नाहीत. नवरीच्या डोक्यातसुद्धा कागदी फुलं. बँडवाल्याला रस्त्याच्या वळणावरच थांबायला सांगितलं, तर तो चिडला. "बाई, हे लगन हाये का मयत?" एस्तेरबाई म्हणाल्या, "मयत होऊ नये म्हून सांगून राह्यली ना बापा." सोमाला त्या सकाळी पाण्यावर बांबू आपटायला मनाई. मोठ्या दाराचं कुलूप फक्त बाहेरून लागायचं, आणि आतली कडी गंजून बसली होती, ती हलत नव्हती. लोहारानं पाहून सांगितलं होतं की दार उतरवल्याशिवाय काही होणार नाही. आणि दाराची झडपं तर बाहेर उघडणारी, सोडली की आपोआप उघडायची. म्हणून उपासना चालू असताना वाऱ्यानं दार उघडू नये यासाठी त्यांनी बाहेरून टेकवायला एक दगड ठरवून ठेवला. मागचं छोटं दार, पाळकाच्या खोलीचं, चोर येतील म्हणून त्यांनी आतून अडसर लावून त्याला बाक टेकवलं होतं. सगळ्या बाजूंनी बंदोबस्त झाला.

इतकी मुकी वरात मी आजवर पाहिली नाही. नवी लुगडी, कोरे सदरे, आणि सगळे चोरांसारखे पाय न वाजवता चाललेले. करुणा पांढऱ्या साडीत. तिला हसू येत होतं आणि ते दाबताना तिचे खांदे हलत होते. मनोऱ्याखाली आल्यावर मी वर बघितलं. बघू नका म्हटलं होतं तरी बघितलं. पोळी शांत होती. बरेच लोक आत गेले. पाळकसाहेब आत वेदीपाशी झगा चढवत होते.

तेव्हा एस्तेरबाईंनी करुणाला मनोऱ्याखाली, दाराच्या उंबऱ्याशी थांबवलं. मला वाटलं, साडीची निरी नीट करत असतील. पण त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि पदराआडून एक खापर काढलं. खापरात निखारे होते. दुसऱ्या मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. पांढरी साडी नेसलेली, सुंदर दिसणारी, बापाविना वाढलेली एकुलती एक मुलगी. एवढी माणसं तिच्याकडे बघत होती. दृष्ट लागायची भीती त्यांना सगळ्यात जास्त वाटली असणार. पाळकसाहेबांनी पाहिलं असतं तर रागावले असते, म्हणून ते आत असतानाच, घाईघाईनं. त्यांनी मूठ करुणावरून उतरवली, ओठांत काही पुटपुटल्या, आणि मीठ-मोहरी-मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या.

सगळ्या गावाचा धूर त्यांनी बंद केला होता.

मनोरा आतून पोकळ होता. त्यानं तो धूर धुराड्यासारखा वर ओढून घेतला. मिरचीच्या ठसक्यानं मला जोरात खोकला आला. आणि मग वरचा सूर बदलला. तो कसा बदलला ते मला शब्दांत सांगता येणार नाही, पण आजही कुठं पंखा एकदम जोरात फिरायला लागला की मी उठून तो बंद करते. वर पाहिलं तर पोळं नव्हतंच. कमानीचा दगड दिसत होता आणि त्याखाली काळा पाऊस सुटला होता.

एस्तेरबाईंनी आधी खापर लांब भिरकावलं. मग दोन्ही हातांनी करुणाला आत लोटलं, मला लोटलं, दारात घुटमळणाऱ्या एका म्हाताऱ्याला अक्षरशः उचलून आत टाकलं. दार आतून बंद होत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या बाहेरच राहिल्या. झडपं ओढली. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज मी ऐकला. नेहमी ते कुलूप कुरकुर करायचं, त्या वेळी एका दमात फिरलं.

"कोनी दार उघडू नका!" बाहेरून त्यांचा आवाज आला. जसं काही आम्ही उघडू शकत होतो. किल्ली तर त्यांच्याकडेच होती.

मग काठीचा आवाज. दगडावर आपटत, भिंतीच्या कडेनं, दूर जाणारा. ठक्, ठक्, ठक्. मधमाशांचं घोंगावणं त्या आवाजामागून गेलं. त्या त्यांना आपल्या मागून नेत होत्या, हे कळायला मला वेळ लागला. करुणा दारावर मुठी मारत होती, "आई! आई!" करत होती. आयुष्यात तिला मी पहिल्यांदाच भ्यालेली पाहिली. आम्ही सगळे बाकांमध्ये खाली बसलो होतो. फटीतून शिरलेल्या काही माश्या वर छताच्या कैच्यांत घिरट्या घालत होत्या. कुणी ओरडत नव्हतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. गरुडाच्या डोक्यावर टॉवेल होता. माझ्या मनात एकच विचार येत होता, हसू येईल असा: टॉवेल कुणी काढू नका, बाई रागावतील.

दानियल उठला. त्यानं वेदीपुढचा गालिचा ओढून घेतला, मागच्या दाराचं बाक सरकवलं, अडसर काढला आणि गालिचा डोक्यावरून घेऊन बाहेर गेला.

पुढचं सगळं सोमानं सांगितलं. तो डोंग्यात होता. चर्चच्या बाजूनं काळा ढग येताना त्यानं पाहिला, आणि त्याच्या पुढं एस्तेरबाई, काठी आपटत. तलावाच्या काठाशी त्या थांबल्या. "बाईनं पान्याकडं पाह्यलं, वयनी," सोमा म्हणाला. "मले वाटलं, आता काही येत नाई. मंग काठी फेकली अन् उतरली." त्या गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या. सोमानं डोंग्यातली ओली पोती घेतली, उडी मारली, त्यांच्या आणि स्वतःच्या डोक्यावर पोती घातली, आणि मधमाशा निवेपर्यंत दोघं पाण्यात तसेच बसून राहिले; मग गालिचा घेऊन पोचलेल्या दानियलनं त्यांना बाहेर काढायला हात दिला. "अन् त्या पोत्याखाली बाई मले काय इचारते? म्हने, सोमाभाऊ, इथी मगर तं नाई ना?"

हे सांगताना सोमा हसत होता आणि डोळे पुसत होता.

मिशनच्या दवाखान्यात त्यांना ओळखणंच कठीण होतं. चेहरा सुजून डोळे बंद. करुणानंच काटे काढले, रात्रंदिवस बसून. तीन-चार दिवस त्या जगतील याची खात्री नव्हती. सूज उतरली तशी आशा वाटली, पण एक डोळा गेला होता. बुबुळातच नांगी लागली होती. लग्न लागलं ते दवाखान्याच्या व्हरांड्यात, त्यांच्या खाटेपाशी. पाळकसाहेब, वधूवर, सोमा, मी आणि आमचे हे. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या एस्तेरबाईंनी एका हातानं करुणाची साडी घट्ट धरली होती. मधूनच वर पाहून म्हणाल्या, "हा पंखा पक्का हाये ना वं करुणा?"

मी भेटायला गेले तेव्हा त्या एकट्याच होत्या. मी हात हातात घेतला.  त्या म्हणाल्या, "पोरीले दृष्ट नव्हती लागली वयनी. माह्यं भेव लागलं तिले. मीच आनलं ते खापर."

"तुम्ही नसतात तर आम्ही सगळे…"

"मी नसती तं धूरच नसता झाला," त्या म्हणाल्या.

 मला रडू येत होतं. त्यांनाच माझी दया आली असावी, उरलेला डोळा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "रडू नका. आता एकच डोया राह्यला. अर्धंच भेव लागन."

तसं काही झालं नाही. पावसाळ्यानंतर मधमाशा परत त्याच कमानीत आल्या. आग्या मोहोळ आपली जागा सोडत नाही. एस्तेरबाई पुन्हा कुजबुजत चालायला लागल्या. दार वाजवून मगच कुलूप काढायच्या. गरुडाला टॉवेल. फरक एवढाच की निळा मासा आता त्यांना दिसत नसलेल्या डोळ्याच्या बाजूनं यायचा, म्हणून त्यांना बाकावर कुठल्या बाजूला बसायचं ते नव्यानं ठरवावं लागलं. आणि एकदा संध्याकाळी मी त्यांना तलावाच्या काठी उभं पाहिलं. लांबून, पण पाण्याकडं तोंड करून.

आमची भंडाऱ्याला बदली झाली. सामान पुढं गेलं होतं. ट्रकबरोबर हे गेले. मी मागून प्रवासी मोटारीनं जायची होते. एस्तेरबाई मोटार अड्ड्यावर आल्या, हातात काठी, पदरात काहीतरी. मला म्हणाल्या, "उभ्या राहा, हालू नका." भर अड्ड्यात, लोकांच्या देखत, त्यांनी माझ्यावरून मूठ उतरवली. ओठ हलत होते. मीठ, मोहरी, मिरच्या. मला वास आला.

"भंडाऱ्याची हवा खराब असते म्हन्ते," त्या म्हणाल्या. "नदीत न्हाऊ नका. अंधारात विहिरीवर जाऊ नका. सायबाले सांगा, पुलाचं काम असलं तं खाली उभं नाई राहाचं." आणखी बरंच काही सांगितलं. मी सगळ्याला हो म्हटलं. मोटार सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. समोरच चहावाल्याची शेगडी पेटलेली होती, निखारे लाल होते. एस्तेरबाईंनी त्या शेगडीकडे एकदा पाहिलं आणि तिच्यापासून लांब सरकल्या. उतरवलेली दृष्ट कुठं टाकायची हे त्यांना सुचत नव्हतं. धुळीत उभ्या राहून, एका डोळ्यानं माझ्या मोटारीकडे बघत, त्या तशाच राहिल्या. आणि मोटार वळणावर जाईपर्यंत त्यांची मूठ मिटलेलीच होती.